कोऱ्या डेटाबेसची साक्ष

सगळ्या टीमला मिळून एकच टेस्ट डेटाबेस असण्याचा जमाना ज्यांनी पाहिला, ते लोक एकमेकांना लगेच ओळखतात. स्वभाव संशयी झालेला असतो. 'सेव्ह' दाबल्यावर ते परत जाऊन बघतात की सेव्ह झालंय का, आणि झालं असेल तर ते आपणच केलंय का. त्या डेटाबेसचं नाव हमखास 'टेस्ट_न्यू_फायनल_२' असं काहीतरी असायचं. आत ग्राहकांच्या टेबलात पहिला ग्राहक 'टेस्ट टेस्ट', दुसरा 'एबीसी' आणि तिसरा 'एएसडीएफ'. कीबोर्डवर डावा हात नुसता टेकवला की जन्माला येणारा हा तिसरा इसम भारतातल्या झाडून सगळ्या सॉफ्टवेअर कंपन्यांचा ग्राहक आहे. तिघांचाही मोबाइल नंबर दहा वेळा नऊ. चौथ्या ओळीत नावाच्या रकान्यात लिहिलेलं असायचं, 'डोन्ट डिलीट – क्यूए'. ही ओळ सर्वांत आधी डिलीट व्हायची.

जेवणं उरकून मंडळी जागेवर बसली की कोपऱ्यातून आवाज यायचा, "अरे, ऑर्डरचं टेबल कोणी साफ केलं?" क्षणात सगळ्या माना मॉनिटरमध्ये. मग एक जण खुर्ची मागे ढकलून, कमालीच्या काळजीच्या सुरात विचारायचा, "कोणी रे? सांगून तरी करा!" टेबल त्यानेच साफ केलेलं असायचं.

या सगळ्यावर देखरेख डीबीए काकांची. काका तसे पन्नाशीच्या अलीकडचेच, पण माणूस डीबीए झाला की वयाचा विचार न करता त्याला काका म्हणतात. त्यांच्याशी होणारा संवाद ठरलेला.

"काका, मला वेगळा डेटाबेस मिळेल का? छोटासाच."

"तिकीट टाक."

"टाकलंय काका, मागच्या आठवड्यात."

"मॅनेजरचं अप्रूव्हल?"

"ते सुट्टीवर आहेत."

"मग तूही जा."

या जाचातून सुटायला लोकांनी खोटे डेटाबेस शोधून काढले. त्यातला सर्वांत स्वस्त म्हणजे मॉक. 'तुला अमुक विचारलं की तमुक सांगायचं' असं त्याला आधी पढवून ठेवायचं, मग तेच विचारायचं, आणि त्याने तेच सांगितलं की टेस्ट हिरवी. कोर्टात अशा साक्षीदाराला काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे त्याला युनिट टेस्ट म्हणतात आणि वर्षाअखेरीस त्याचं कौतुकही होतं.

ज्यांना एवढं उघड खोटं बोलवत नव्हतं, त्यांनी मधला मार्ग काढला. प्रॉडक्शनवर पोस्टग्रेस, पण टेस्टपुरता एचटू किंवा एसक्यूलाइट. एचटू जावाच्या पोटातच, मेमरीत चालतो, आणि त्याला 'पोस्टग्रेससारखा वाग' असं सांगायची सोय आहे. तो वागतोही, पाहुण्यांसमोर. अडचणीचा प्रश्न आला की मूळ वळणावर जातो. एसक्यूलाइटची तऱ्हा आणखी निराळी. तो तुमच्याआमच्या फोनमध्ये वर्षानुवर्षं निमूटपणे राबतोय, त्याच्याबद्दल वाईट बोलणाऱ्याची जीभ झडो. पण त्याचं मन फार मोठं आहे. पूर्णांकाच्या रकान्यात तुम्ही 'नंतर देतो' असं लिहिलंत, तरी तो ते जपून ठेवतो. दहा अक्षरांची मर्यादा घातलेल्या रकान्यात अख्खं निमंत्रण मावतं. कडक शिस्तीचं टेबल करायची सोय त्यात आली ती थेट २०२१ साली, तीही मागाल तर. आता ज्या माणसाने आयुष्यभर या उदार हृदयाच्या साक्षीने टेस्ट लिहिल्या, त्याचा कोड शुक्रवारी संध्याकाळी पोस्टग्रेससमोर उभा राहतो, आणि पोस्टग्रेस म्हणजे नाकावर चष्मा ओढून अर्ज वाचणारा हेडक्लार्क. 'नंतर देतो' ही रक्कम होऊ शकत नाही, एवढंच तो म्हणतो आणि खिडकी बंद करतो.

तेव्हा खरा डेटाबेसच हवा, पण काकांकडे न जाता हवा, अशी एकंदर मागणी होती. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी अमेरिकेतल्या सांता क्लारा इथे पायकॉन परिषदेत पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर जगाला दाखवलं, म्हणजे कुठलाही प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट 'कंटेनर' नावाच्या डब्यात घालून चालवायची सोय, आणि या मागणीला वाट सापडली. पाच मिनिटांत! आमच्या मीटिंग रूममध्ये तेवढ्या वेळात प्रोजेक्टरची वायर सापडत नाही. पुढे २०१५ साली रिचर्ड नॉर्थ यांनी 'टेस्टकंटेनर्स' ही लायब्ररी सुरू केली आणि खरी मजा आली. टेस्ट सुरू झाली की एक खराखुरा पोस्टग्रेस कंटेनरमध्ये जन्माला घालायचा, त्याला दोनचार प्रश्न विचारायचे आणि टेस्ट संपली की मारून टाकायचा. तिकीट नाही, अप्रूव्हल नाही.

काकांना हे समजावून सांगायचं काम टीममधल्या सर्वांत नव्या मुलाकडे आलं.

"म्हणजे दर वेळी नवा डेटाबेस?"

"हो काका."

"आणि बॅकअप?"

"बॅकअप कशाला काका, मारूनच टाकतो."

काका काही बोलले नाहीत. चहाला गेले. एकटेच गेले, हे टीमने नोंदवून ठेवलं.

या अल्पायुषी जिवांची नावं मोठी गोड असतात. तुम्ही स्वतः नाव दिलं नाही तर डॉकर ठेवतो: आधी एक विशेषण, मग एखाद्या शास्त्रज्ञाचं नाहीतर संगणकातल्या मोठ्या माणसाचं आडनाव. यादीत आपली मंडळीही बरीच आहेत. रामानुजन आहेत, भाभा आहेत, विश्वेश्वरय्या आहेत, थेट भास्कराचार्यसुद्धा आहेत. त्यामुळे चालू कंटेनरची यादी मागितली की पडद्यावर 'हंग्री_रामानुजन', 'स्लीपी_भाभा' आणि 'नर्व्हस_विश्वेश्वरय्या' अशी थोरांची सभा भरते. सकाळच्या स्टँडअपमध्ये आमचा नवा मुलगा अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगतो, "काल रात्री भास्कर मेला, मेमरी पुरली नाही." फक्त एक जोडी कधीच जुळत नाही. 'बोअरिंग' आणि 'वॉझ्नियाक' एकत्र आले की डॉकर ते नाव टाकून दुसरं काढतो. ॲपलवाले स्टीव्ह वॉझ्नियाक कंटाळवाणे नाहीत, म्हणून कोडमध्ये तशी खास अट घातली आहे. विश्वेश्वरय्यांसाठी अशी तजवीज कोणी केलेली नाही. धरणं बांधणारा माणूस कंटाळवाणा असू शकतो, असं तिकडे धरून चालत असावेत.

जन्म दिला म्हणजे लगेच कामाला लागतो असं मात्र नाही. पोस्टग्रेस उठल्यावर आपल्या लॉगमध्ये जाहीर करतो की मी जोडण्या घ्यायला तयार आहे. नवखा माणूस हे वाचून टेस्ट सोडतो आणि तोंडावर आपटतो. कारण कंटेनरमधला पोस्टग्रेस ही घोषणा दोनदा करतो. पहिल्यांदा तो फक्त घरचं आवरायला उठलेला असतो: डेटाबेस तयार कर, सुरुवातीच्या स्क्रिप्ट चालव, एवढं करून परत बंद होतो, आणि मग खऱ्या अर्थाने उठतो. माझ्या एक मावशी फोनवर पहिल्यांदा "निघालोच" म्हणतात तेव्हा त्यांची आंघोळ व्हायची असते. दुसऱ्यांदा म्हणतात तेव्हा चपला पायात असतात. टेस्टकंटेनर्सच्या लोकांना बहुधा अशी एखादी मावशी होती. त्यांच्या कोडमध्ये पोस्टग्रेससाठी स्पष्ट लिहिलेलं आहे की ते वाक्य दोन वेळा दिसेपर्यंत थांबा.

मरणाचीही व्यवस्था चोख आहे. टेस्ट नीट संपली तर ठीक, पण मध्येच कोणी कंट्रोल-सी दाबून जेवायला गेला तर मागे राहिलेल्या पोस्टग्रेसचं काय? त्यासाठी शेजारी आणखी एक छोटा कंटेनर उभा केलेला असतो. त्याचं नाव रायुक. 'डेथ नोट' या जपानी मांगात सफरचंदं खाणारा एक मृत्युदेव आहे, त्याच्यावरून ठेवलंय. हा रायुक टेस्टच्या प्रोग्रामचा हात धरून बसतो. हात सुटला की दहा सेकंद वाट बघतो, आणि मग त्या टेस्टचं लेबल लावलेलं जे जे म्हणून असेल ते सगळं घेऊन जातो. आमच्या सिक्युरिटीवाल्यांना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांनी मेल पाठवला: या रायुक नावाच्या युजरचा एम्प्लॉयी आयडी कळवावा.

इथवर सगळं छान. प्रश्न आला लॅपटॉपचा. लिनक्सवर कंटेनर म्हणजे कर्नलच्याच सोयी वापरून वेगळी ठेवलेली एक प्रोसेस, फारसं ओझं नाही. पण मॅकवर किंवा विंडोजवर आधी आत एक अख्खं लिनक्स चालवावं लागतं, त्या लिनक्समध्ये कंटेनर, कंटेनरमध्ये पोस्टग्रेस, पोस्टग्रेसमध्ये एक टेबल आणि टेबलात तीन ओळी. त्या तीन ओळी वाचताना लॅपटॉपचा पंखा असा फिरतो की शेजारचा माणूस कागदावर हात ठेवतो. रॅम वाढवून मागितली की आयटीवाले विचारतात, "काय चालवता एवढं?" त्यांना 'तीन ओळी' असं सांगता येत नाही.

त्यात २०२० च्या नोव्हेंबरपासून डॉकर हबने फुकट इमेज ओढण्यावर मर्यादा घातली. लॉगिन न करता ओढणाऱ्याला सहा तासांत शंभर, आणि तीही आयपी पत्त्यामागे. आता आमचं आठ मजल्यांचं ऑफिस बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याचं दिसतं. म्हणजे आठ मजल्यांत मिळून शंभर. सकाळी लवकर येणाऱ्यांचे बिल्ड सुरळीत व्हायचे आणि अकरानंतर उगवणाऱ्यांच्या नशिबी 'फार झाल्या विनंत्या' अशा अर्थाचा लाल निरोप. वक्तशीरपणासाठी एचआरने आजवर केलेल्या सगळ्या उपायांत हा एकच लागू पडला, आणि तो एचआरने केलेला नव्हता. नंतर कोणीतरी कंपनीच्या खात्यातून लॉगिन करायची सोय केली आणि माणसं पुन्हा अकराला येऊ लागली.

पुढच्याच वर्षी डॉकर डेस्कटॉपचे नियम बदलले. अडीचशेहून जास्त माणसं किंवा एक कोटी डॉलरहून जास्त वार्षिक उलाढाल असलेल्या कंपनीने पैसे भरावेत, असं ठरलं. पर्चेस विभागाने वर्षभरात मारलेली सर्वांत मोठी धाव त्या आठवड्यात मारली. 'सर्वांनी हे सॉफ्टवेअर तातडीने काढून टाकावे' असा मेल आला, खाली पर्याय म्हणून तीन फुकट गोष्टींची नावं आली, आणि पुढचे काही दिवस निम्मा मजला उरलेल्या निम्म्या मजल्याला "तुझ्याकडे पॉडमॅन चाललं का रे?" असं विचारत फिरत होता.

ही झाली बाहेरची दुखणी. आतली जास्त मजेदार आहेत. वेगळं काही सांगितलं नाही तर कंटेनरच्या आतलं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालतं. आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे बारा वाजले की आपली तारीख बदलते, पण कंटेनरमध्ये पहाटे साडेपाचपर्यंत कालचाच दिवस चालू असतो. दिवसाउजेडी टेस्ट चालवणाऱ्या सज्जनांना हे जन्मात कळत नाही. कळतं ते रात्रीच्या रिलीजला बसलेल्या अभाग्यांना. रिपोर्टवाल्यांची एक टेस्ट होती: आजची तारीख घे, आर्थिक वर्ष काढ, बिलावर टाक. वर्षभर हिरवी. १ एप्रिलच्या रात्री दीड वाजता लाल. कोड म्हणत होता नवं आर्थिक वर्ष सुरू झालं. डेटाबेस म्हणत होता, कुठलं काय, अजून मार्चएंड चालू आहे, अकाउंट्सवाले बसलेत. क्यूएच्या मॅडमनी रात्री पावणेदोनला ग्रुपवर मेसेज टाकला, "हा एप्रिल फूल आहे का?" त्यावर दोघांनी हसण्याची इमोजी टाकली आणि मॅडमनी त्या दोघांनाच कॉलवर घेतलं.

तसंच 'ळ'चं. तालुक्यांची यादी अकारविल्हे लावायची होती. नव्या मुलाने कंटेनरमध्ये चालवून बघितलं: आधी कळवण, मग कवठे महांकाळ. युनिकोडच्या रांगेत 'ळ' हा 'ल'ला खेटून, 'व'च्या आधी उभा आहे, आणि कंटेनरमधल्या कोऱ्या पोस्टग्रेसला त्यापलीकडची वर्णमाला कोणी शिकवलेली नसते. त्याने हेच उत्तर बरोबर धरून टेस्ट लिहिली. प्रॉडक्शनवर मात्र कवठे महांकाळ आधी आलं आणि कळवण नंतर, कारण आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'नंतर, आणि काकांनी फार पूर्वी, कोणालाही न सांगता, त्या रकान्याला मराठी क्रम लावून ठेवला होता.

"काका, तुमच्या डेटाबेसमध्ये बग आहे," मुलगा म्हणाला.

"शाळा कुठली तुझी?" काकांनी विचारलं.

मुलाने सांगितली. इंग्रजी माध्यमाची होती. काकांनी एवढ्या प्रेमाने मान हलवली की मुलाला वाटलं आपलं म्हणणं पटलं.

खरी गोम इथेच आहे. खोटा डेटाबेस नको म्हणून आपण खरा आणला, आणि आणल्या आणल्या त्याचा खरेपणा काढून घ्यायला लागलो. डेटाबेसचा मोठेपणा कशात, तर 'लिहिलं' म्हटलं की ते डिस्कवर पक्कं उतरलेलं असतं, वीज गेली तरी जात नाही. टेस्टकंटेनर्स पोस्टग्रेसला उठवतानाच सांगतो की ते एफसिंक बंद ठेव, पक्कं लिहीत बसू नकोस, वेळ जातो. युजरचं नाव 'टेस्ट', पासवर्ड 'टेस्ट', डेटाबेसचं नावही 'टेस्ट'. याच ऑफिसात हजेरीच्या ॲपला बारा अक्षरं, एक आकडा आणि एक विशेष चिन्ह लागतं. आणि मुख्य म्हणजे हा पोस्टग्रेस कालचा काहीच जाणत नाही. त्याच्या पोटात आपण आत्ता घातलेल्या तीन ओळी, तिन्ही शहाण्यासारख्या भरलेल्या.

काकांचा प्रॉडक्शनचा डेटाबेस एकदा शेजारी बसून बघावा. ग्राहकांच्या टेबलात 'पत्ता', 'पत्ता_नवीन' आणि 'पत्ता_नवीन_खरा' असे तीन रकाने आहेत आणि खरा पत्ता दुसऱ्यात असतो. एका रकान्याच्या नावात 'रिसीट'चं स्पेलिंग चुकलंय. ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ते दुरुस्त केलं तर कुठले रिपोर्ट बंद पडतील हे कोणालाच माहीत नाही, म्हणून ते अजरामर आहे. बऱ्याच ग्राहकांचा जन्म १ जानेवारी १९०० रोजी झालेला असून ते अजून नियमित हप्ते भरतात. एक ट्रिगर आहे, तो लिहिणारा माणूस केव्हाच न्यू जर्सीला स्थायिक झाला. तो ट्रिगर काय करतो हे समजत नाही. एकदा बंद करून बघितला तेव्हा फोन यायला लागले, एवढंच समजलं.

कंटेनरमध्ये आपण मोबाइल नंबरचा रकाना सक्तीचा करतो. तीन ओळी, तिघांना नंबर आहे, बदल क्षणात लागतो, टेस्ट हिरवी. तोच बदल प्रॉडक्शनवर जातो, टेबलाला कुलूप लावतो, चार कोटी ओळी एकेक करून तपासायला घेतो, बाहेर सगळे ताटकळत उभे, आणि शेवटी कुठल्यातरी जुन्या ग्राहकाचा नंबर नाही म्हणून सगळं परत फिरवतो. क्वेरीचंही तेच. टेबल चिमुकलं असलं की इंडेक्स असो वा नसो, पोस्टग्रेस सरळ सगळ्या ओळी वाचून मोकळा होतो, कारण तेच स्वस्त पडतं. तेव्हा इंडेक्स लावायचा राहिलाय हे तीन ओळींत दिसणार कसं? ते दिसतं सोमवारी सकाळी दहाला.

मग कोणीतरी सुचवतंच की प्रॉडक्शनची कॉपीच कंटेनरमध्ये घालू या. काका यावर रागावत नाहीत. ते फक्त डेटाबेसचा आकार सांगतात आणि मग लॅपटॉपच्या डिस्कचा आकार विचारतात. त्यातून जागेचं जमवलं तरी लोकांची खरी नावं, नंबर, पत्ते लॅपटॉपवर ठेवता येत नाहीत, आणि ती झाकायचा प्रोग्राम लिहायला बसलं की कळतं, की खरा पत्ता दुसऱ्या रकान्यात आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

एवढं सगळं असूनही मी कंटेनरच्या बाजूचा आहे. पढवलेल्या साक्षीदारापेक्षा कोवळा साक्षीदार बरा. निदान त्याला जे विचारलं त्याचं उत्तर तो स्वतःच्या डोक्याने देतो. पण टेस्टची संख्या वाढत गेली, तसतसे रोज शेकडो रामानुजन आणि भाभा जन्मायला आणि मरायला लागले, आणि बिल्डला चाळीस मिनिटं लागू लागली. ती चाळीस मिनिटं लोक पायऱ्यांवर बसून काढतात. मॅनेजरच्या नजरेत पायऱ्या आल्या आणि मीटिंग लागली.

"एवढा वेळ का लागतो पण?"

"खरा डेटाबेस उभा राहतो ना, त्याला लागतो."

"मग खराच कशाला हवा? मेमरीत चालणारं, हलकंफुलकं असं काही नसतं का? परवाच मी वाचलं कुठेतरी... एचटू की काय ते."

मीटिंग रूममध्ये कोणी हललं नाही. काका पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते, ते तसेच थांबले. मग नवा मुलगा पुढे सरकून बसला.

"अरे वा," तो म्हणाला, "नवीन आलंय का हे?"

पुढच्या स्प्रिंटमध्ये घेतलंय. पाच पॉइंट.